दहा दिवसांची शपथ

शपथ देणं हे माझं काम होतं. भोपाळच्या एका सरकारी कन्याशाळेत मी विज्ञान शिकवायची आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षं शाळेची नशामुक्ती प्रभारी होते. हे पद कुणी हौसेने मागत नाही. मीटिंगमध्ये जी बाई नाही म्हणायला जरा उशीर करते तिच्या गळ्यात ते पडतं. माझ्या गळ्यात पडलं आणि मला ते आवडायला लागलं, हे आज कबूल करते. माईक हातात आला की माझा आवाज चढतो, आणि चढलेला आवाज मला स्वतःला फार खरा वाटतो.

वरून पत्र यायचं. मुलींना मैदानात उभं करायचं, उजवा हात पुढे, मी एकेक ओळ म्हणायची आणि त्यांनी मागून म्हणायची. मी आयुष्यभर नशेपासून दूर राहीन आणि माझ्या कुटुंबालाही दूर ठेवीन. मग फोटो. तो दुपारी बाराच्या आत ग्रुपवर टाकायचा. फोटोत बॅनर पूर्ण दिसायला हवा, मुली अर्ध्या कापल्या गेल्या तरी कुणी विचारत नसे. जे त्यांच्या बापांना झेपत नव्हतं त्याची जबाबदारी मी बारा-बारा वर्षांच्या पोरींच्या डोक्यावर ठेवत होते आणि वर टाळ्याही वाजवायला लावत होते. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

एकदा अशी शपथ झाल्यावर सातवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. हळूच म्हणाली, "मैम, पापा छोड़ते हैं तो तीसरे दिन काँपने लगते हैं। फिर क्या करें?" मी तिची रिबीन बांधली आणि सांगितलं, "उनसे कहो मन मज़बूत करें।" ती मान हलवून वर्गात गेली. मला वाटलं, छान उत्तर दिलं. विज्ञानाची शिक्षिका होते मी. शरीर का कापतं हा प्रश्न मला पडला नाही.

आता माझ्या भावाकडे येते. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आमचे वडील साताऱ्याहून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, आम्ही दोघं कॉलनीच्या क्वार्टरमध्ये वाढलो, घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी. लग्नानंतर मी अशोका गार्डनला आले, तो वडिलांच्याच कारखान्यात लागला आणि पुढे कोलार रोडला फ्लॅट घेऊन राहिला. इथल्या मराठी मंडळाचं पान त्याच्याशिवाय हलत नसे. मखर तो करायचा, माईक तो लावायचा, निवेदन त्याचं. गणपतीचे दहा दिवस घरी फक्त आंघोळीपुरता जायचा.

आणि तो प्यायचा. आधी कधीतरी, मग शनिवारी, मग रोज, आणि शेवटी सकाळपासून. आमच्या घरात याला कुणी दारू म्हणालं नाही. त्याला पित्ताचा त्रास होता. आईने मोरावळा पाठवला, मी कोकम पाठवलं, भावजय ताक करून ठेवायची. कारखान्यात दांडी झाली की पित्त, लग्नाला आला नाही की पित्त. बावीस वर्षं एका माणसाचं पित्त आम्ही सगळ्यांनी मिळून सांभाळलं.

मंडळाला सगळं माहीत होतं. माहीत नसायला काय झालं, मंडळातल्या चार जणांबरोबरच तो बसायचा. पण त्यांच्याकडे एक ठेवणीतलं वाक्य होतं. गणपतीचे दहा दिवस हा माणूस थेंबाला शिवत नाही. हे खरं होतं. चतुर्थीच्या सकाळी तो बंद करायचा आणि अनंत चतुर्दशीला विसर्जन करून आला की पुन्हा सुरू. अध्यक्ष दरवर्षी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, मनात आणलं तर सोडू शकतो, बघा. आम्हीही तेच म्हणायचो. गौरींच्या सुमाराला त्याचे हात थरथरायचे, घामाने सदरा भिजायचा, आरतीचं तबक दुसऱ्याला धरावं लागायचं. त्याला आम्ही दगदग म्हणायचो. एका वर्षी त्याला दोन दिवस ताप होता आणि तो मंडपामागच्या सतरंज्यांवर पडून होता. तेव्हा अध्यक्षीणबाईंनी त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी तिथेच होते, मीच मोहऱ्या आणून दिल्या.

तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. शपथ द्यायला शाळा उरली नाही आणि अंगातली खुमखुमी तशीच राहिली. त्या वर्षी चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली, गुरुजी दक्षिणा घेऊन उठले, आणि मी भावाला मखराजवळ थांबवलं. हात धरून मूर्तीच्या पायांवर ठेवला. म्हटलं, या वेळी दहा दिवस नाही, आजपासून कायमची सोडायची. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं होती. त्याने खाली बघत हळू सांगितलं, "ताई, एकदम जमत नाही गं. तिसऱ्या दिवशी फार हाल होतात माझे." मी म्हणाले, "हाल मनाचे असतात." मग त्याने शपथ घेतली. सगळ्यांनी मोरया म्हटलं. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने माझे पाय धरले, आणि मी ते धरू दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अथर्वशीर्षाची आवर्तनं होती. भाऊ माईकवर उभा राहून कोण कुठे बसणार ते सांगत होता. बोलता बोलता थांबला, वर छताकडे बघायला लागला आणि माईकसकट आडवा झाला. स्पीकरमधून मोठा धाडकन आवाज आला. तो हातपाय झाडत होता, दात घट्ट बसले होते, ओठांवर रक्त. कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी कांदा आणला, कुणी म्हणालं साखर कमी झाली. मीही साखरच शोधत होते.

कोलार रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. भावजय त्याच्याबरोबर आत गेली, कागद भरायला मी थांबले. काउंटरवरच्या मुलीने नाव-वय विचारून झाल्यावर विचारलं, शराब, तंबाकू, कुछ लेते हैं? माझ्या मागे मंडळाचे अध्यक्ष उभे होते, त्यांच्या मागे आणखी दोघं. सगळ्यांच्या कपाळावर सकाळचं गंध होतं. मी म्हणाले, "जी नहीं, हमारे यहाँ कोई नहीं लेता।" आणि फॉर्मवर त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात नाही असं लिहिलं. मागून अध्यक्षांनी हलकेच हुंकार दिला, बरोबर केलंत अशा अर्थाचा. तो हुंकार अजून कानात आहे आणि अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या एका शब्दावर पुढचं सगळं झालं. त्यांनी मेंदूचा फोटो काढला, पाठीतून पाणी काढलं, फिटची औषधं दिली. पण ज्या कारणाने झटका आला त्याची औषधं कोण देणार, कारण तर मी खोडून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी भावाला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. त्याने सलाईन उपटलं. तो मला ओळखत नव्हता, मला लाईनमन समजून वर चढू नको, करंट आहे, असं ओरडत होता. त्याचे हात पलंगाला बांधले. मी ते बघत जपमाळ ओढत होते. खरं सांगायचं तर मला कळलं होतं. सतरंज्यांवरचा ताप, सुटलेली रिबीन, तीसरे दिन, सगळं एकदम कळलं होतं. तरी मी उठून डॉक्टरकडे गेले नाही, कारण अध्यक्ष प्रसाद घेऊन खुर्चीवर बसले होते.

उठली ती भावजय. बावीस वर्षं जिने माझ्यासमोर कधी मान वर केली नाही, तिने ड्युटीवरच्या डॉक्टरला बाहेर गाठलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हे रोज घेतात, सकाळपासून घेतात, आणि तीन दिवसांपूर्वी आम्ही एकदम बंद केली. डॉक्टर तिशीची मुलगी होती, भोपाळचीच. तिने आधी धावत जाऊन औषध सुरू केलं, मग फॉर्म हातात घेऊन माझ्याकडे आली.

"आंटी, हम कल से दिमाग में बीमारी ढूँढ रहे हैं," ती म्हणाली. "आप एक शब्द सच लिख देतीं तो दवा कल ही शुरू हो जाती। ये मर भी सकते थे।" मग तिने विचारलं, "आप करती क्या हैं?"

मी टीचर होते म्हणून सांगितलं. पुढचं सांगायची हिंमत झाली नाही.

नंतर तिनेच मला बसवून समजावलं. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी मला विज्ञान शिकवत होती. रोज पिणाऱ्याच्या शरीराने दारू गृहीत धरलेली असते. ती एकदम काढून घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेंदू बिथरतो. हात कापतात, घाम फुटतो, झटके येतात, भास होतात, माणूस जातोही. म्हणून अशा माणसाने आपल्या मनाने एकाएकी बंद करायची नसते. डॉक्टरकडे जायचं, औषधं घेत सोडायची, पुन्हा सुरू झाली तर पुन्हा जायचं. आजार आहे, मनाच्या दुबळेपणाची शिक्षा नाही. यात गुपित काहीही नव्हतं. अकरा वर्षांत एकाही पत्रात, एकाही बॅनरवर ते नव्हतं आणि मीही कुठे उघडून वाचलं नव्हतं. आम्हाला फक्त हात पुढे करायला सांगितलं होतं.

भाऊ वाचला. नऊ दिवसांनी घरी आला. डॉक्टरने मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या नशामुक्ती ओपीडीची चिठ्ठी दिली. मंडळाच्या ग्रुपवर प्रकृती अस्वास्थ्य असं गेलं. अध्यक्ष घरी येऊन म्हणाले, त्या वॉर्डात नको, तिथे नाव लागलं की कायमचं लागलं, त्यापेक्षा नाशिकला कुठे आश्रमात न्या. मी विचारलं की हृदयाचं दुखणं असतं तर आश्रमात न्यायला सांगितलं असतं का. ते म्हणाले, ताई, तुम्ही फार मनाला लावून घेता. चहा न घेता गेले.

भाऊ दोन महिने ओपीडीत गेला, औषधं घेतली, वजन वाढलं. मग एक दिवस तिथल्या रांगेत त्याला ओळखीचं कुणी भेटलं आणि तो जायचा थांबला. डिसेंबरात पुन्हा पित्त सुरू झालं.

संक्रांतीला मंडळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. दरवर्षी मी वाण म्हणून स्टीलची वाटी देते. त्या वर्षी वाटीत तिळगुळाबरोबर एक छापील कागद ठेवला. रोज पिणारा माणूस एकदम थांबला तर काय होतं, कोणती लक्षणं दिसली की उचलून न्यायचं, आणि ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता असते. बायकांनी कागद तिळगुळाचाच असेल म्हणून उघडला आणि उभ्या-उभ्या वाचला. मग मी उभी राहिले. भावाचं नाव घेतलं, शपथ सांगितली, फॉर्म सांगितला. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, तो चढलाच. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, सणाच्या दिवशी हे काय काढलंत. मी म्हणाले की सणाच्याच दिवशी घडलं म्हणून सणाच्या दिवशी काढलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मी चपला घालत होते तेव्हा एक बाई शेजारी येऊन वाकली, आपली चप्पल शोधते आहे असं दाखवत. म्हणाली, आमच्याकडेही पित्तच आहे. आणखी दोघी फाटकापाशी थांबल्या होत्या.

मी हवेत घरी आले. संध्याकाळी भावाचा फोन आला. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते. तो शांत होता.

"ताई, तेव्हा मला न विचारता शपथ घातलीस. आज मला न विचारता जाहीर केलंस. माझ्या आजारात माझं काही आहे का गं?"

मी बोलायच्या आत त्याने फोन ठेवला. मला त्याचा इतका राग आला की मी दोन दिवस जेवले नाही. त्याच्यासाठीच तर केलं होतं. तिसऱ्या दिवशी कळलं की राग आला तो भाऊ बरोबर बोलला म्हणून. कोलार रोडला गेले तर भावजयीने दार उघडलं, तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. सात-आठ महिने आमचं बोलणं नव्हतं. राखी मी भावजयीच्या हातात देऊन आले.

त्या काळात मी मंडळाच्या मागे लागले होते. भावाचं नाव पुन्हा कुठे घेतलं नाही, तेवढं शिकले होते. मागणी एवढीच होती की गणपतीच्या मंडपात एक बोर्ड लावा. रोज घेत असाल तर दहा दिवसांसाठी एकदम सोडू नका, आधी डॉक्टरला भेटा. अध्यक्षांनी मजकुराचा कागद नाकाशी धरला. म्हणाले, "गणपतीसमोर दारू सोडू नका असा बोर्ड लावायचा?" मी म्हटलं पुढचं अर्धं वाक्यही वाचा. त्यांनी वाचलं नाही. बैठकीत असलेले चौघंही खाली बघत होते, भावाबरोबर बसणारे तेच चौघं. मी त्यांच्याकडे बघून विचारलं की यंदा दहा दिवस कोण कोण बंद करणार आहे. एकाने खिडकी लावून घेतली. ठराव झाला की विषय स्तुत्य आहे आणि पुढच्या वर्षी यावर बालगोपाळांची चित्रकला स्पर्धा ठेवावी. मी घरी येऊन बोर्ड स्वतः रंगवला आणि हॉलच्या बाहेर चपलांच्या स्टँडवर तारेने बांधला. दुसऱ्या दिवशी तो काढलेला होता. मी दुसरा बांधला. तोही गेला. तिसरा आहे अजून, निदान मी गेल्या खेपेला बघितला तेव्हा होता.

हरितालिकेच्या दिवशी सकाळी अकराला मी पूजेची पत्री निवडत बसले होते. फोन वाजला, भावाचा होता.

"ताई, मी रोज घेतोय. आजही घेतली आहे," तो म्हणाला. "उद्या गणपती बसतायत. मंडळातले सगळे म्हणतील दहा दिवस सोड, आणि मी सोडेन. मला माहितीय मी सोडेन. बोर्ड वाचला मी. तू येशील का?"

पत्री तशीच टाकून निघाले. रिक्षावाल्याने हबीबगंजकडून घेतलं, पुलाखाली गाड्या अडकल्या होत्या, मी त्याच्यावर दोनदा डाफरले आणि तिसऱ्यांदा तो माझ्यावर डाफरला. भाऊ फाटकाशी उभा होता, स्वच्छ शर्ट, नीट विंचरलेले केस, तोंडाला वास. रिक्षात तो माझ्या शेजारी अंग चोरून बसला. मी काही शपथ-बिपथ काढेन याची त्याला धास्ती असावी. मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

ओपीडीच्या खिडकीपाशी रांग होती. आमच्या मागे दोन माणसं सोडून एक गृहस्थ उभे होते, त्यांना मी मंडळात पाहिलेलं आहे. भावानेही त्यांना पाहिलं. त्याचे कान लाल झाले. आता हा वळणार आणि जाणार, असं मला वाटलं, आणि त्या गृहस्थांचा, मंडळाचा, उद्याच्या मखराचा मला असा राग आला की तोंडात कडू आलं. ते गृहस्थ स्वतः त्याच रांगेत कशासाठी उभे होते, हे मला घरी आल्यावर सुचलं.

आमचा नंबर आला. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता नाव-वय लिहिलं. मग विचारलं, "क्या लेते हैं?"

सवयीने माझंच तोंड उघडलं. भावाने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"शराब," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "रोज़। सुबह से।"

मी वाट बघत होते. कशाची ते मला माहीत नाही. काहीतरी कोसळेल, कुणीतरी हसेल. त्या माणसाने शब्द लिहिला, एका शब्दाला लागतो तेवढाच वेळ लागला, आणि पान उलटून पुढचं विचारलं. घर में किसका मोबाइल लिखूँ?

भावाने माझा नंबर सांगितला.